‘डोळे मिटा’पासून ‘वाटलं तर मिटा’पर्यंत

मनावर जुना घाव असलेल्या माणसाला हल्ली काही थेरपिस्ट आधी ‘काय झालं ते सांगा’ असं म्हणत नाहीत. पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, श्वास कुठे अडतो, खांदे कानाकडे चढलेत का, असं विचारतात. बोलणं मागाहून. याला सोमॅटिक थेरपी म्हणतात. हे अमेरिकेतून आलं असं कुणी म्हणतं, तर ‘आमच्याकडे पूर्वीपासूनच होतं’ असं कुणी ठणकावतं. मला दोन्ही म्हणणी आळशी वाटतात. या झाडाची एक मुळी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरातून गेली आहे, पण बरीच वळणं घेत.

जगन्नाथ गणेश गुणे हे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत त्यांचं शरीर तयार झालं होतं, तर योग त्यांनी मालसरच्या माधवदासजींकडे घेतला होता. पुढे ते सोसायटीच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. 1920 च्या सुमारास त्यांनी एक अजब उद्योग केला. बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात नौली आणि उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांच्या पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली आणि दाबमापकावर तपासलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, बस्तीच्या क्रियेत पाणी आतड्यात वर ओढलं जातं ते त्यामुळेच, असं त्यांना दिसलं. कमी दाबाच्या या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: माधवदास पोकळी. योगी सांगतो म्हणून खरं मानायचं नाही, काटा किती हलला ते पाहायचं, असा हा शिक्षकी खाक्या. 1923 मध्ये सरकारी रोषापायी कॉलेज बंद पडलं. पुढच्याच वर्षी लोणावळ्याला कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. तोवर गुण्यांचे स्वामी कुवलयानंद झाले होते.

दुःख, धक्का, आघात हे शब्द या कामात जवळपास नाहीत. कुवलयानंदांना हवी होती निरोगी, शिस्तबद्ध तरुण पिढी. शाळांसाठी त्यांनी बसवलेल्या योगात रांगा होत्या आणि हुकूम होते. मनाचा प्रश्न त्यात आणला येल विद्यापीठातून आलेल्या कोवूर बेहानन या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने. लोणावळ्यात राहून, स्वतः प्राणायाम करून त्याने 1937 मध्ये पुस्तक काढलं. प्राणायामानंतर बेरजेसारखी कामं मंदावतात, हेही त्याने लपवलं नाही.

युरोपातली वाट वेगळी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं की, न पचलेला धक्का आठवण म्हणून न येता हालचालीत आणि संवेदनेत परत येतो. 1930 च्या दशकात मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांना स्नायूंचं चिलखत दिसलं. 1997 मध्ये अमेरिकी थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांचं पुस्तक आलं, शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेल्या जनावराचं थरथरणं घेऊन.

दोन्ही वाटा बॉस्टनजवळ मिळाल्या. मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 64 स्त्रियांवरचा अभ्यास छापला. इतर उपचारांनी फरक न पडलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग दिला. शेवटी त्या गटातल्या 31 पैकी 16 जणी आघातोत्तर विकाराच्या निकषांबाहेर आल्या. आरोग्यशिक्षणाच्या गटात हा आकडा 29 पैकी 6 होता. अभ्यास लहानच, पण मोजून केलेला.

त्या वर्गातली आसनं साधीच असतात. बदलली आहे ती भाषा. ‘डोळे मिटा’च्या जागी ‘वाटलं तर मिटा, नाही तर समोर बघा’. खांदा सरळ करायला शिक्षक हात लावत नाही. ज्या बाईच्या देहावर कुणी जबरदस्ती केली, तिला हुकूम आणि पाठीमागून आलेला हात पुन्हा तिथेच नेऊन सोडतो. शरीराला मन आहे हे मोठं शहाणपण नव्हे, ते आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. त्या शरीराचा मालक कोण, हे विचारणं नवं आहे.

‘आमच्याकडे पूर्वीपासूनच होतं’ म्हणणाऱ्यांसाठी आता आपलं घरोट, म्हणजे जातं, पाहा. एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला, मूठ खुंट्यावर. ढकलताना श्वास बाहेर, ओढताना आत, आणि त्या लयीवर ओवी. बहिणाबाई चौधरींचं गाणं असंच कामाच्या लयीत जन्मलं. वैधव्य त्यांना तिशीत आलं होतं. त्या लयीने जीव हलका होत असणार, यात मला शंका नाही. पण दळण चुकवायची मुभा कुठे होती? म्हणून घरोटाला मी थेरपी म्हणणार नाही. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका जास्त जवळचा वाटतो: माहेरी आलेली लेक हवा तेवढा उंच झोका घेते, आणि मन भरलं की उतरते.

जळगाव-धुळ्यात या थेरपीचा प्रशिक्षित माणूस सापडेलच असं नाही. गल्लीतला योगवर्ग म्हणजे आघातावरचा उपचार नव्हे, हे लक्षात ठेवा. श्वासाकडे लक्ष दिल्यावर छातीत धडधड वाढली, तर तिथेच थांबा. तो तुमचा कमकुवतपणा नाही. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र, फुकट चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.