स्त्रीसाहाय्यक समित्या आणि तक्रारीची भाषा

सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातारा जिल्ह्याच्या सीमेलगत, पूर्वीच्या खानापूर तालुक्यातून निघालेला कडेगाव तालुका आहे. हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. ताकारी व टेंभू ह्या उपसा योजनांच्या पाण्याने तेथे ऊस वाढला आणि वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गळिताचा हंगाम सुरू झाला की ह्या पट्ट्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. टोळीची मोजदाद 'कोयत्यां'नी होते. एक कोयता म्हणजे नवराबायकोचे जोडपे. मुकादमाकडून मिळणारी उचल त्या कोयत्याच्या नावावर पडते आणि स्त्रीच्या श्रमाला वेगळा आकडा नसतो. हिशेबाच्या भाषेत जिला स्वतंत्र नाव नाही अशा स्त्रीवर अत्याचार झाला, तर तिची तक्रार कोणाच्या भाषेत लिहिली जाणार, हा प्रश्न वरवर वाटतो तितका नवा नाही. महाराष्ट्रात अशा स्त्रियांच्या साहाय्यासाठी ज्या ज्या समित्या व मंडळे निघाली, त्या प्रत्येकीस तो निरनिराळ्या रूपाने सोडवावा लागला.

आरंभ जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहापासून करणे युक्त होईल. हे गृह त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्याच घरी काढले. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरास त्याच हेतूने दुसरी संस्था निघाली. तेथील न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता, आणि तिची व्यवस्था मुंबईच्या प्रार्थना समाजाने पाहिली. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम ह्या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. दोन्ही ठिकाणी कारभार पाहणारी माणसे पगारी नव्हती. आपला व्यवसाय वा नोकरी सांभाळून, आणि प्रसंगी लोकापवाद सोसून, ती हे काम करीत.

ह्या गृहांत येणाऱ्या स्त्रियांत, विशेषतः विधवांत, किती जणींवर बळजबरी झाली होती हे आज सांगता येत नाही. ह्याचे एक कारण दप्तरात नसून भाषेत आहे. त्या काळच्या मराठीत अशा स्त्रीविषयी 'तिचे पाऊल वाकडे पडले' असे म्हणत. ह्या वाक्याचा कर्ता 'पाऊल' आहे, ते पाऊल तिचे आहे, आणि पुरुष वाक्यात कोठेच नाही. 'तिची अब्रू गेली' ह्याचीही तीच गत. क्रियापद अकर्मक असल्यामुळे अब्रू जणू आपोआप जाते, ती कोणी घेतली हे सांगण्याची सोयच उरत नाही. संमतीने झालेला संबंध आणि जुलूम ह्यांत भेद करणारे वाक्यच समाजाच्या तोंडी नव्हते. फुले दांपत्याने ह्यावर काढलेला मार्ग व्यवहाराचा होता: विचारावयाचेच नाही. स्त्रीने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवावे वा न्यावे. तिच्या पूर्ववृत्ताची चौकशी न करणे हीच त्या गृहाची पहिली दया होती. १८७४ मध्ये तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. मात्र स्त्रीस न विचारण्याने गुन्हेगारासही कोणी विचारले नाही, ही त्या मौनाची दुसरी बाजू होय.

मौनाकडून साक्षीकडे जाण्यास पुरे शतक लागले. १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस चौकीच्या आवारात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. (कायद्याच्या ग्रंथांत हा खटला तिच्या नावाने ओळखला जातो, येथे ते नाव मुद्दाम घेतलेले नाही.) १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींस सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तिन्ही निकालांतील घटना एकच आहे. मतभेद आहे तो एका अर्थाबद्दल. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ह्यावरून संमतीचे अनुमान काढले.

येथे मराठी शब्दाकडेही पाहणे अगत्याचे आहे. 'बलात्कार' हा शब्द जुन्या भाषेत कोणतीही गोष्ट जबरदस्तीने करण्यास लागत असे; एका गुन्ह्यापुरता त्याचा संकोच नंतरचा. त्या शब्दाचा कणा 'बल' आहे, तर भारतीय दंडविधानाच्या ३७५ व्या कलमाचा कणा संमती होता. फिर्याद मराठीत बोलली जाते तेव्हा ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दच बळाच्या खुणांकडे नेतो. न्यायालयाचा निकाल इंग्रजीत होता, तेव्हा त्याचा दोष मराठीवर टाकता येणार नाही. पण पंचनामा, जबानी व गावातील कुजबूज मराठीतच असते.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार ह्या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. त्या पत्राने पेटलेल्या चळवळीतून १९८० च्या आरंभी मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' हा मंच निघाला आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत निदर्शने झाली. मंचाच्या सभासद स्त्रिया नोकरीधंदा सांभाळून काम करीत. निदर्शनासाठी एका स्त्रीची कहाणी जगापुढे मांडावी लागते, आणि त्याच स्त्रीस आधार द्यावयाचा तर ती झाकावी लागते. हा पेच त्यांच्यापुढे लवकरच उभा राहिला. मंचाकडे येणाऱ्या स्त्रिया घरातील मारहाणीच्याही तक्रारी आणू लागल्या, तेव्हा नावातील 'रेप' जाऊन 'ऑप्रेशन ऑफ वीमेन' आले, आणि साहाय्याच्या कामासाठी वेगळे स्त्री-केंद्र निघाले. पुण्यात १९८२ मध्ये विद्या बाळ यांच्या पुढाकाराने नारी समता मंच स्थापन झाला. त्याच्या साहाय्य-केंद्राचे नाव 'बोलते व्हा'. आज्ञार्थातील हे नाव अर्थपूर्ण आहे, कारण १८६३ च्या गृहाचा संकेत नेमका उलट होता.

कायद्याने ह्या दोन्ही गरजा काही अंशी मान्य केल्या. १९८३ च्या दुरुस्तीने खटला बंद दालनात चालविण्याची तरतूद झाली आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या कार्यालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथे प्रशिक्षित व पगारी समाजकार्यकर्त्या होत्या, आणि स्वयंसेवी सभासदाचे महत्त्व तेव्हापासून ओसरू लागले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या आली: स्पष्ट व स्वेच्छेने दिलेली अनुमतीच संमती, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजावयाचे नाही. नागपूर खंडपीठाचा अर्थ सदतीस वर्षांनी कायद्यात उतरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे.

त्याच २०१३ साली महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आली. तिच्यासाठी प्रथम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली 'जिल्हा क्षतिसहाय्य व पुनर्वसन मंडळ' होते; पुढे हे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. 'क्षतिसहाय्य' हा शब्द कडेगावच्या बाजारात कोणी उच्चारील असे वाटत नाही. शासकीय मराठीने संस्कृत घडवावी, आणि ती ज्या स्त्रीसाठी घडविली तिला ती दुभाष्याकरवी समजावी, हा प्रकार आता अंगवळणी पडला आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा कायदाही २०१३ चाच. जेथे दहापेक्षा कमी कामगार आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिची अध्यक्षा समाजकार्यातील स्त्री असावी लागते. एक सदस्या तालुका वा नगरपालिका क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांतून घ्यावयाची, दोन सदस्य स्वयंसेवी संस्थांतून, आणि सदस्यत्वाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. त्यांना शुल्क व भत्ते आहेत, वेतन नाही. प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी असतो, आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे धाडावयाची असते.

तक्रार मात्र लेखी हवी, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांत हवी; सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तोडणीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. हंगामाच्या अखेरीस घडलेल्या घटनेची मुदत टोळी मराठवाड्यात परत गेल्यावर सरते. लिहिता न येणाऱ्या स्त्रीस तक्रार लिहिण्यास समितीच्या अध्यक्षेने वा सदस्याने साहाय्य करावे, असे नवव्या कलमात आहे. कायद्याच्या भाषेत हे एक उपवाक्य आहे. समितीच्या कामात सर्वांत अवघड जागा तीच. मराठवाड्याच्या बोलीत 'त्यानं माझा हात धरला' असे सांगणाऱ्या बाईचे वाक्य कागदावर 'अर्जदारासोबत गैरवर्तन झाले' असे उतरले, की 'त्यानं' हा कर्ता गळतो आणि १८६३ चे 'पाऊल वाकडे पडले' हे वाक्य नव्या वेषात परत येते. समिती तिचे वाक्य तिच्याच कर्त्यासह लिहून घेते की नाही, हे पुढे चौकशीत साक्षीदारांपेक्षाही आधी ठरते; कारण साक्षीदार कोणास ओळखण्यासाठी बोलवावयाचे, हे त्या पहिल्या वाक्यातच असते.