शेतावरचा शिक्षक कोणाच्या वाट्याला?

नोव्हेंबर १९०६. अमेरिकेच्या दक्षिण भागात एकाच महिन्यात दोन नेमणुका झाल्या. टेक्सासमधल्या स्मिथ काउंटीत डब्ल्यू. सी. स्टॉलिंग्ज नावाचा गोरा शेतकरी केवळ त्या एका काउंटीसाठी कृषी कार्यकर्ता नेमला गेला. त्याच्या पगाराचा मोठा वाटा गावातल्या व्यापाऱ्यांनी उचलला. तिकडे अलाबामात टस्कीगी संस्थेचा कृष्णवर्णीय विद्यार्थी थॉमस मनरो कॅम्पबेल याला शेतकी खात्याने नेमले. त्याच्या हाती एक घोडागाडी होती.

आज जगभरातल्या कृषी विद्यापीठांत ‘विस्तार’ नावाचा विभाग असतो आणि त्यात कोणते पद, कोणत्या भागात, कोणत्या पिकासाठी निर्माण करायचे यावर दरवर्षी खल चालतो. ह्या पदाचे मूळ त्या दोन नेमणुकांत आहे आणि पदांच्या वाटपावरचा झगडाही तितकाच जुना आहे.

कॅम्पबेलच्या गाडीची कल्पना कोणाची, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ पासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना महाराष्ट्रातल्या घराघरांत नेले आहे. मात्र कार्व्हरांचे शेंगदाणे आणि रताळी जितकी लक्षात राहतात, तितका त्यांच्या संस्थेचा जमाखर्च राहत नाही. आणि खरी गोष्ट त्या जमाखर्चात आहे.

थोडे मागे जावे लागेल. १८६२ साली लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन राज्यांना मिळाली आणि तिच्या विक्रीतून शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली. (त्यातली बरीच जमीन मूलनिवासी जमातींकडून हिसकावलेली होती, तो स्वतंत्र विषय.) १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याला प्रयोगकेंद्रासाठी वर्षाला १५ हजार डॉलर दिले. अलाबामात ते ऑबर्नच्या महाविद्यालयाकडे गेले. तेथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. ऑबर्नपासून टस्कीगी जेमतेम ३० किलोमीटर. १८९७ मध्ये राज्याने टस्कीगीलाही प्रयोगकेंद्र मंजूर केले, ते कार्व्हरांच्या हाती आले. त्याचे वार्षिक अनुदान होते १५०० डॉलर. बरोबर एक दशांश.

एवढ्या पैशात नवी पदे निर्माण करणे अशक्यच होते. शेतकऱ्यांना संस्थेत बोलवावे, तर येत ते बरे चाललेले. ज्याला खरी गरज, तो दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारा, दुकानदाराच्या उधारीत बुडालेला आणि एक दिवसही शेत सोडू न शकणारा. म्हणून संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळाच चाकांवर घालायचे ठरवले. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, कार्व्हरांनी गाडीची मांडणी ठरवली आणि मे १९०६ मध्ये ‘जेसप वॅगन’ निघाली. तीत सुधारित नांगर होते, बियाणे होते, दुधदुभत्याची उपकरणे होती. गाडी एखाद्याच्या शेतावर थांबे, शेजारी गोळा होत आणि जमीन कशी नांगरायची हे त्याच जमिनीत दाखवले जाई.

त्याच काळात सीमन नॅप हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ टेक्सासमध्ये तोच विचार दुसऱ्या वाटेने करत होते. मेक्सिकोतून आलेल्या बोंड भुंग्याने कापूस उद्ध्वस्त होत होता. सरकारी खर्चाने चालणाऱ्या नमुना शेतांवर शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता. सरकारच्या पैशाने कोणीही पीक काढील, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद. तेव्हा १९०३ साली टेरेल गावाजवळ वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या ७० एकरांत, स्वतःच्या कष्टाने, नॅप सांगतील तशी शेती केली. नुकसान झाले तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी १००० डॉलरचा निधी उभारून ठेवला. त्याला हात लावावा लागला नाही. पोर्टरला नेहमीपेक्षा ७०० डॉलर जास्त मिळाले. प्रात्यक्षिक शेतकऱ्याच्याच शेतात, जोखीम अंशतः गावाची, आणि मार्गदर्शनाला गावात राहणारा माणूस: विस्तारसेवेचा सांगाडा तेथे तयार झाला. तीन वर्षांनी नॅप यांच्याच कार्यक्रमात स्टॉलिंग्ज आणि कॅम्पबेल दोघेही आले. व्हर्जिनियात हॅम्प्टन संस्थेतून जॉन पिअर्स हे दुसरे कृष्णवर्णीय कार्यकर्तेही त्याच सुमारास कामाला लागले.

इथवर सगळे देणगी, वर्गणी आणि खात्याची तात्पुरती तरतूद यांवर चालले होते. कायमची पदे हवीत तर कायदा हवा. तो ८ मे १९१४ रोजी आला. जॉर्जियाचे सिनेटर होक स्मिथ आणि दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी ॲस्बरी लिव्हर यांच्या नावांवरून स्मिथ-लिव्हर कायदा.

हा कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. प्रत्येक राज्याला दरवर्षी सरसकट १० हजार डॉलर. ४८ राज्यांचे मिळून ४ लाख ८० हजार. त्याखेरीज पहिला हप्ता ६ लाखांचा आणि सात वर्षे दरवर्षी ५ लाखांची वाढ, म्हणजे अखेरीस ४१ लाख. ही जादा रक्कम राज्यांत वाटायची ती ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि जेवढी केंद्राकडून घ्यायची तेवढीच राज्यातून उभी करायची. छपाईवर पाच टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही, इमारती बांधायच्या नाहीत, महाविद्यालयातल्या वर्गांवर पैसा वापरायचा नाही. थोडक्यात, पैसा पत्रकांसाठी नव्हता, माणसांसाठी होता. महाविद्यालयाने कामाची योजना आधी केंद्रीय शेतकी मंत्र्यांकडे पाठवायची आणि मंजुरीनंतरच निधी उचलायचा. कोणती पदे आधी, कोणती नंतर, हे कागदावर मांडण्याची विद्यापीठांची सवय ह्या कलमाने लावली.

आता त्यातली मेख. दक्षिणेतल्या राज्यांत १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यामुळे कृष्णवर्णीयांची वेगळी महाविद्यालये होती. मग विस्ताराचा पैसा कोणत्या महाविद्यालयाला? कायद्याचे उत्तर होते: राज्याचे विधिमंडळ ठरवील. सिनेटमध्ये वॉशिंग्टन राज्याचे वेस्ली जोन्स यांनी कृष्णवर्णीय महाविद्यालयांना न्याय्य वाटा मिळावा, अशी दुरुस्ती मांडली. दक्षिणेतल्या सिनेटरांनी, स्वतः होक स्मिथ यांनीही, तिला कडाडून विरोध केला. अंतिम कायद्यात तसे संरक्षण राहिले नाही. दक्षिणेतल्या विधिमंडळांनी निधी गोऱ्या महाविद्यालयांच्या हवाली केला. अलाबामात तो ऑबर्नला गेला आणि टस्कीगीचे कार्यकर्ते ऑबर्नच्या हाताखाली आले.

निधी ग्रामीण लोकसंख्येवर ठरत होता. त्या मोजणीत कृष्णवर्णीय माणूस पुरता मोजला जात होता. राज्याचा वाटा वाढवायला त्याचे डोके चाले. वाटा आल्यावर तो कुठे खर्च व्हावा हे ठरवायला त्याचे मत चालत नसे, कारण अलाबामाने १९०१ च्या राज्यघटनेने त्याचा मताधिकारच जवळजवळ संपवला होता.

दुसरी अट स्थानिक वाट्याची. वरकरणी ही अट फार शहाणपणाची. गावाने पैसे घातले म्हणजे गावाला गरज आहे हे सिद्ध होते. न्यूयॉर्कच्या ब्रूम काउंटीत १९११ मध्ये व्यापारी मंडळ, रेल्वे कंपनी आणि शेतकी खाते यांनी मिळून जॉन बॅरन यांना नेमले, ते ह्याच तत्त्वावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर नियमच केला: काउंटीतले शेतकरी आधी संघटित होऊन ‘फार्म ब्युरो’ स्थापन करतील, काउंटी खर्चाचा भार उचलील, तरच सल्लागार मिळेल. १९१३ मध्ये हम्बोल्ट काउंटीने तो पहिला मिळवला. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन, बँकेत पत आणि सभेला यायला वेळ होता, त्यांच्यासाठी ही पद्धत उत्तम चालली. अलाबामातल्या वाटेकऱ्याकडे ह्यातले काहीच नव्हते आणि काउंटीच्या तिजोरीची किल्ली गोऱ्या मंडळाकडे होती. ज्या कसोटीवर गरज मोजायची, ती कसोटी ऐपत मोजत होती.

म्हणून दक्षिणेत पदांचा क्रम ठरून गेला. आधी प्रत्येक काउंटीत गोरा कार्यकर्ता. मग गृहविज्ञान शिकवणारी गोरी कार्यकर्ती. त्यानंतर, जिथे कृष्णवर्णीय वस्ती मोठी आणि काउंटी मंडळाची हरकत नाही, तिथे एखादे कृष्णवर्णीय पद, तेही कमी पगाराचे आणि पुष्कळदा एकाहून अधिक काउंट्या सांभाळणारे. १९२० च्या गणनेत देशात सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. आजवरचा तो सर्वांत मोठा आकडा.

कॅम्पबेल मात्र काम करत राहिले. १९१८ पासून खालच्या दक्षिणेतल्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय विस्तारकार्याची देखरेख त्यांच्याकडे आणि वरच्या राज्यांतली पिअर्स यांच्याकडे आली. घोडागाडीच्या जागी मोटार ट्रक आला. गाडीबरोबर आता परिचारिकाही फिरू लागली, कारण हिवतापाने अंथरुणावर पडलेल्या माणसाला नांगरणीचा धडा देऊन काय उपयोग, हे फिरणाऱ्यांना दिसले होते. १९२३ चा नवा ट्रक अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वर्गणी काढून घेतला. ज्यांच्या डोक्यांवर राज्याला अनुदान मिळत होते, त्यांनी आपल्या शिक्षकाचे वाहन पुन्हा स्वतःच्या खिशातून घेतले.

हा दुहेरी कारभार अर्धे शतक चालला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि १९६५ मध्ये दोन्ही शाखा एकत्र करण्यात आल्या. एकत्रीकरण म्हणजे समानता, असे वाटणे साहजिक आहे. अलाबामात घडले ते असे: टस्कीगीतले राज्यस्तरीय कर्मचारी ऑबर्नला हलवले गेले आणि काउंटी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कार्यकर्ते गोऱ्या प्रमुखांच्या हाताखाली गेले. वर्षानुवर्षे आपली शाखा स्वतः चालवलेली माणसे एका रात्रीत दुय्यम झाली. विली स्ट्रेन हे त्यांतले एक कर्मचारी न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी निकाल दिला, की ऑबर्नची विस्तारसेवा नोकऱ्यांत आणि शेतकऱ्यांना द्यायच्या सेवेतही वंशभेद करते. आणि तो दूर करण्याचे आदेश दिले.

१९७७ च्या शेती कायद्याने अखेर १८९० च्या महाविद्यालयांना विस्तारकार्यासाठी थेट केंद्राचा निधी ठरवून दिला. टस्कीगी खासगी संस्था, त्या यादीत आपोआप बसणारी नव्हे. म्हणून कायद्यात तिचे नाव वेगळे लिहावे लागले. जोन्स यांच्या दुरुस्तीला तोवर ६३ वर्षे झाली होती.

पगाराचा प्रश्न त्याहून पुढे गेला. उत्तर कॅरोलायनात १ ऑगस्ट १९६५ पर्यंत विस्तारसेवेची कृष्णवर्णीय शाखा वेगळी होती आणि तिचे वेतन कमी होते. शाखा एकत्र झाल्यावरही जुन्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातली तफावत तशीच पुढे सरकत राहिली. हा भेद कायद्याच्या आधीचा आहे, असा सेवेचा बचाव. ‘बेझमोर विरुद्ध फ्रायडे’ ह्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: तफावत केव्हाही सुरू झालेली असो, कमी रकमेचा प्रत्येक नवा पगार हा नवा अन्याय आहे. त्याच निकालात एकाच वंशाच्या मुलांच्या कृषी मंडळांबाबत मात्र न्यायालयाने सेवेच्या बाजूने कौल दिला. प्रवेश ऐच्छिक आहे, एवढे त्याला पुरले.