अंथरुणापासून पावलांपर्यंत : रक्तकर्करोग आणि व्यायाम

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या देशी पेशी-उपचाराला मान्यता मिळाली. या चाळीस वर्षांत रुग्ण वाचतो का, याबरोबरच तो जगतो कसा, हा प्रश्नही पुढे आला.

पूर्वीचे उत्तर ठरलेले होते : संपूर्ण विश्रांती. रक्तक्षयाने थकलेल्या देहाला ते योग्यच वाटे. परंतु पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम घटतो आणि थकवा अधिकच वाढतो. १९९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फर्नांडो डिमेओ यांच्या गटाने तीव्र रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांना खाटेवर निजूनच सायकलीसारखे पायडल मारायला लावले. त्यांची शारीरिक क्षमता इतरांपेक्षा कमी घटली. पुढे २००९ मध्ये कॅनडात १२२ लिम्फोमा रुग्णांवर बारा आठवड्यांच्या व्यायामाची चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्यांचे जीवनमान सुधारले आणि रसायनोपचाराच्या परिणामात बाधा आली नाही.

व्यायाम हा कर्करोगावरील इलाज नव्हे. प्लेटलेट घटल्या असता, ताप असता किंवा मायलोमाने हाडे ठिसूळ झाली असता तो डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये. तथापि ज्या देशात नवे औषध असंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, तेथे देखरेखीखालील चालणे जवळजवळ विनाखर्च शक्य आहे. औषधांच्या चिठ्ठीवर त्यालाही एक ओळ मिळायला हवी.