दिनविशेष : १८ जुलै – सावरकर विमानतळाला नवे टर्मिनल

२०२३ मध्ये आजच्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन केले. सुमारे ७१० कोटी रुपयांच्या या इमारतीची वर्षाला ५० लाख प्रवाशांची क्षमता आहे. शिंपल्याच्या आकाराचे छत, त्यातल्या झरोक्यांतून दिवसभर आत येणारा उजेड, २८ चेक-इन काउंटर आणि सामानाचे चार पट्टे. धावपट्टी मात्र नौदलासोबत सामायिक.

विमानतळाला सावरकरांचे नाव २००२ मध्ये मिळाले. काळ्या पाण्याच्या शिक्षेवर त्यांना अंदमानला नेले ते ठाण्याच्या तुरुंगातून. आगगाडीने मद्रास आणि तिथून ‘महाराजा’ बोटीने ते ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरले. चेन्नईहून बोटीला आजही जवळपास तीन दिवस लागतात, विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवते.

गंमत म्हणजे, विमानतळाच्या पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ असले तरी परदेशाशी नियमित विमानसेवा सुरू व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. पहिले विमान क्वालालंपूरचे. त्याआधी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम केले. वसई-विरारहून सहल आखणाऱ्यांनी दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत, आणि पावसाळ्यात परतीच्या तारखेला एखादा दिवस हाताशी राखावा.