फ्यूजविना निघालेली पिकअप

द्राक्षाच्या हंगामात पलूस भागातला माल संध्याकाळी भरतात आणि रात्रभर गाडी चालवून पहाटे वाशीच्या बाजारात उतरवतात. इथली गाडी आणि तिचा चालक कल्पित आहेत. वायरिंग मात्र जुन्या गाड्यांत याच क्रमानं जळतं, म्हणून ते तासातासानं मांडतो आहे.

दुपारी ३.३०
पंधरा वर्षं जुनी डिझेल पिकअप वायरमनच्या टपरीसमोर उभी आहे. मूळचे दिवे मंद झालेत, रात्री रस्ता नीट दिसत नाही, ही चालकाची तक्रार अगदी रास्त आहे. बंपरवर १०० वॅटचे दोन हॅलोजन फोकस बसवायचे आहेत आणि सीटमागं अॅम्प्लिफायर. वॅटला व्होल्टनं भागलं की करंट निघतो. २०० भागिले १२, म्हणजे जवळपास १७ अँपिअर, तेही नुसत्या दिव्यांचे.

"मामा, रिले आणि फ्यूज घालून देतो. अर्धा तास थांबा."
"आरं, बागेत पेट्या भरून पडल्यात. तू डायरेक्ट दे जोडून, वाशीस्नं आल्यावर बघू."

वायरमनला काम येत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाच्या घाईपुढं तो नमला, आणि या गोष्टीतला निर्णायक क्षण माझ्या मते हाच आहे. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून एक वायर निघाली आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून आत आली. भोकाला रबरी बूच नाही. आत जोड दिला तो हातानं पीळ देऊन, वर काळी टेप.

फ्यूज दिव्यासाठी असतो असा समज सगळीकडे आहे. तो असतो वायरीसाठी. म्हणूनच तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. त्याच्या अलीकडचा तुकडा कुणाच्याच राखणीत नसतो. इथं तर बॅटरीपासून बंपरपर्यंतची सगळी वायर तशीच आहे.

संध्याकाळी ६.४५
पेट्या भरल्या. पुठ्ठा, कागद, फोमचे पातळ तुकडे आणि वर ताडपत्री. द्राक्ष सोडलं तर हौद्यातलं सगळं पेट घेणारं.

रात्री ८.४०
कराड मागं पडलं, तासवडे टोलनाका आला. फोकस तासाभरापासून चालू आहेत. पिळाच्या जोडात तांब्याला तांबं पूर्ण टेकत नाही, तिथं रोध वाढतो. तो एक दशांश ओहम धरला तरी १७ अँपिअरला त्या एका जागी २९ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कांडी साधारण २५ वॅटची असते. तशी एक कांडी डॅशबोर्डखाली टेपमध्ये गुंडाळून चालू ठेवल्यासारखं हे आहे. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. अॅम्प्लिफायर याच जोडावर आहे.

रात्री ९.५०
आनेवाडी टोलनाका. फोकसचा उजेड पिवळट झालाय, कारण जोडातच पावणेदोन व्होल्ट खर्च होताहेत. जळक्या प्लास्टिकचा बारीक वास येतो. चालक काच खाली घेतो आणि वास पुढच्या ट्रकचा समजतो. इथं थांबून फोकस आणि गाणी बंद केली असती तरी जोड थंड झाला असता. पत्र्याला घासणारी वायर मात्र तशीच राहिली असती.

रात्री १०.१५
पाचवड ओलांडलं. इंजिनाच्या थरथरीनं पत्र्याची धार संध्याकाळपासून वायरीचं आवरण कापत आली आहे. उष्णतेनं ते मऊही पडलंय.

रात्री १०.२२
सुरूरच्या अलीकडे तांबं पत्र्याला टेकतं. गाडीचा सांगाडा म्हणजेच बॅटरीची मायनस बाजू. चार्ज असलेली बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतते. २० अँपिअरचा फ्यूज असता तर तो क्षणार्धात उडाला असता, फोकस विझले असते आणि चालकानं वायरमनला फोनवर चार शब्द सुनावले असते.

फ्यूज नाही. काही सेकंदांत वायर लाल होते. तिच्याबरोबर एकाच टेपमध्ये बांधलेल्या मूळच्या वायरीही पेटतात.

रात्री १०.२३
डॅशबोर्डखालून धूर. चालक गाडी कडेला घेऊन चावी बंद करतो. इंजिन थांबतं, पण नवी वायर चावीतून गेलेलीच नाही, ती थेट बॅटरीवर आहे. तिला तोडायचं तर टर्मिनल सोडवायला हवं, आणि पाना सीटखाली आहे, जिथं आता धूर भरलाय. तो बॉनेट उघडतो. आत हवा शिरते आणि ज्वाळा वर येतात.

तो मागं सरकतो आणि दूर पळतो. या रात्रीत त्यानं घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय.

रात्री १०.४०
केबिन गेली. ताडपत्री पेटली, मग पुठ्ठे. मागची वाहतूक तुंबलीय. एका ट्रकवाल्यानं आपलं आग विझवायचं नळकांडं रिकामं केलं. केबिनमध्ये हाताशी असतं तर १०.२३ ला त्याचा उपयोग होता.

तिसऱ्या दिवशी, सकाळी ११
विम्याचा सर्व्हेअर सांगाड्यात वाकून वायरींची टोकं बघतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं. आगीत नुसती भाजलेली वायर काळी आणि ठिसूळ होते. शॉर्टची ठिणगी पडलेल्या टोकाला मात्र तांब्याची गोल, चकचकीत गोळी धरते. ती त्याला पत्र्याच्या भोकाशी सापडते. तिथून बॅटरीपर्यंत तो बोटानं वायर चाचपत जातो, फ्यूजचा होल्डर शोधत. मग मालकाला विचारतो, हे जादा काम कुणाकडून करून घेतलं आणि त्याची पावती आहे का.