फ्रेंच वर्तमानकाळाचे प्राथमिक अध्यापन

फ्रेंच भाषेतील साधा वर्तमानकाळ (प्रेझाँ द लँदिकातिफ) हा नवशिक्या विद्यार्थ्यास शिकविला जाणारा पहिला काळ होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयीन अभ्यासक्रमात फ्रेंच हा एक पर्यायी भाषाविषय आहे. ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलत आहे’ या दोन्ही अर्थांसाठी फ्रेंचमध्ये बहुधा एकच रूप चालते. बोलतो-बोलते हा लिंगभेदही तेथे नाही.

लेखन आणि उच्चार

मराठी भाषकाची खरी अडचण रूपांपेक्षा लेखन व उच्चार यांतील अंतरात आहे. ‘पार्ले’ (बोलणे) या नियमित क्रियापदाची रूपे अशी उच्चारली जातात : झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. लिहिताना पाच वेगळी रूपे होतात. कानांवर मात्र तीनच पडतात, कारण तृतीय पुरुषी अनेकवचनाच्या अंती लिहिलेली तीन अक्षरेही मूक असतात. देवनागरीत लिहिलेले बहुतांशी तसेच वाचण्याची सवय असलेला विद्यार्थी ती हमखास उच्चारतो. म्हणून रूपांचा तक्ता फळ्यावर येण्यापूर्वी तोंडी घोटून घेणे इष्ट.

याच कारणाने सर्वनाम गाळता येत नाही. मराठीत नुसत्या ‘बोलतोस’वरून कर्ता कळतो, नुसत्या ‘पार्ल’वरून कळत नाही. त्यु आणि वू यांतील फरक मात्र ‘तू’ व ‘तुम्ही’ यांमुळे सहज उमगतो.

झाडीबोली आणि फ्रेंच ध्वनी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांतील झाडीबोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येतो. फ्रेंचमध्ये ‘शू’ म्हणजे कोबी आणि ‘सू’ म्हणजे खाली. तेथे हा भेद अर्थ बदलतो. ‘झ पार्ल’मधील पहिला ध्वनी हा ‘श’चाच सघोष जोडीदार आहे, ‘झाड’मधील ‘झ’ नव्हे. ‘श’ लांबवीत कंठ कंपित केल्यास तो साधतो. परंतु त्यासाठी आधी ‘श’ पक्का हवा. घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलाने प्रमाण मराठी शिकताना ‘श’ व ‘स’ यांचा भेद एकदा आत्मसात केलेला असतो. त्याच्या बोलीस अशुद्ध न ठरवता त्या अनुभवाचाच आधार घेणे अधिक फलदायी ठरते.

अनियमित क्रियापदे

‘एत्र’ (असणे) आणि ‘आव्वार’ (जवळ असणे) ही प्रारंभीच पाठ करावी लागतात. ‘इल सों’ म्हणजे ते आहेत. सर्वनामाच्या अंतीचा मूक ‘स’ पुढील स्वराशी जुळून सघोष झाला की ‘इल झों’, म्हणजे त्यांच्यापाशी आहे. येथील ‘झ’ हा ‘स’चा सघोष जोडीदार होय. ‘जाणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा उच्चार ‘आले’ असा होतो, त्यामुळे ते मराठी वर्गात सहसा कोणी विसरत नाही.