मोतिया रंगाचा इतिहास: मासळीच्या खवल्यापासून मोटारीच्या दारापर्यंत

आजच्या धाग्याचा विषय काहीसा अनपेक्षित आहे. घरच्या अंगणात जुनी मोटार नव्याने रंगवू पाहणाऱ्याला साधा काळा किंवा पांढरा रंग फारसा छळत नाही. मोतिया रंग मात्र हमखास छळतो. एक दार उजळ, दुसरे मळकट आणि बॉनेटवर ढगांसारखे पट्टे. डबा एकच, हात एकच, दिवसही एकच. मग रंग असा फितूर का होतो? उत्तरासाठी आपल्याला सतराव्या शतकातील पॅरिसला जावे लागेल.

तेथे झाकँ नावाचा एक कारागीर जपमाळांचे मणी बनवीत असे. ॲब्लेट नावाचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे धुतलेल्या पाण्यात मोत्यासारखी झळाळी उतरते, हे त्याने हेरले. खवल्यांवरचा तो चंदेरी अंश गोळा करून त्याने प्रथम प्लास्टरच्या मण्यांवर बाहेरून लावला. परंतु घामाने तो लेप सुटे आणि माळ घालणाऱ्या स्त्रियांच्या गळ्यावर चिकटे. पुढे काचेचा पोकळ मणी आतून माखून त्यात मेण भरण्याची युक्ती निघाली आणि नकली मोत्यांचा धंदा युरोपभर फोफावला. त्या द्रवाला नाव मिळाले ‘पौर्वात्य अर्क’. मासा सीन नदीतला, नाव मात्र पूर्वेचे! खऱ्या मोत्यांचा दबदबा तेव्हा किती होता, हे या नावावरूनच कळते.

१७१६ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या अर्काचा अभ्यास केला. त्यात रंगाचे कण नव्हतेच. होते ते अतिशय पातळ, नितळ पापुद्रे. आज आपण त्या पदार्थाला ग्वानिन म्हणतो. होय, आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेले तेच ग्वानिन. मोत्याची झळाळी ही वस्तूच्या रंगाची नव्हे, तर असंख्य पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाची करामत आहे.

झाकँच्याच शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक अभ्रकाचे पापुद्रे सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने नोंदवले की, पापुद्र्याची जाडी बदलली की त्यावर दिसणारा रंगही बदलतो. ही नोंद लक्षात असू द्या. तीनशे वर्षांनी ती मोटारीच्या दारावर येऊन बसणार आहे.

मोटारीला झळाळी येण्यापूर्वी मुळात वेगाने वाळणारा रंग हवा होता. तेलाधारित वार्निशाचे थर हाताने चढवून वाळवण्यात आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे, ते उगीच नव्हे. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. इतका झटपट वाळणारा रंग ब्रशने नीट पसरत नाही. म्हणून फवारणीची बंदूक कारखान्यात अपरिहार्य झाली. घशात औषध फवारण्याच्या उपकरणातून ही बंदूक विकसित झाली, हा इतिहासाचा एक गमतीदार वळसा.

पुढे १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी रंगाऱ्यांनी माशांच्या खवल्यांचा अर्क लॅकरमध्ये मिसळून मोटारी रंगवल्या. दिसायला अप्रतिम, परंतु खर्चिक. थोड्याशा अर्कासाठी हजारो मासे लागत. शिशाच्या क्षारांपासून बनवलेला पर्यायही होता, पण तो विषारी. कोंडी फोडली ती ड्यूपाँच्या हॉवर्ड लिंटन यांनी. अभ्रकाच्या कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना १९६३ मध्ये मिळाले. हा थर साधारण ५० नॅनोमीटरचा असेल तर चंदेरी आभा दिसते. तो वाढवत नेला की क्रमाने सोनेरी, तांबडी, निळी आणि हिरवी. पदार्थ तोच, फक्त जाडी वेगळी. हूकची नोंद अशी कारखान्यात पोहोचली.

आता अंगणातल्या मोटारीकडे परतू. थराची जाडी कारखान्याने सांभाळलेली असते. रंगवणाऱ्याच्या हाती उरते ती कणांची मांडणी. चपटे कण पत्र्याला समांतर निजले तर प्रकाश एका दिशेने परततो. थर फार ओला बसला तर कण तरंगत वाहतात आणि एकत्र गोळा होतात. हेच ते ढग. फार कोरडा बसला तर ते वेडेवाकडे अडकतात आणि आभा मंदावते. म्हणून आधी एकसारखा मूळ रंग, त्यावर मोतिया रंगाचे अनेक पातळ हात आणि शेवटी पारदर्शक थर. बंदूक पृष्ठभागापासून कायम एकाच अंतरावर, मनगट न वळवता समांतर न्यावी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निदान निम्मा चढावा. अभ्रक जड असल्याने तळाशी बसते, तेव्हा मिश्रण वरचेवर ढवळावे. एकेक दार सुटे रंगवण्यापेक्षा पूर्ण बाजू एका दमात घ्यावी, कारण हातांची संख्या एकाने जरी चुकली तरी छटा बदलते. आधी टाकाऊ पत्र्यावर हात मोजून नमुना करण्याचा कंटाळा करणारे पुढे पूर्ण मोटार घासत बसतात! आणखी एक: दोन घटकांच्या पारदर्शक थरातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. साधा कापडी मुखवटा तेथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर ते काम व्यावसायिकाकडेच द्यावे.

या इतिहासाचे एक टोक आपल्या देशात आहे. झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह हा जगप्रसिद्ध अभ्रकपट्टा. तेथील अनेक खाणी बंद पडल्या. मात्र सोडून दिलेल्या बोगद्यांतून आणि ढिगाऱ्यांतून अभ्रक वेचणे थांबले नाही. वेचणाऱ्यांत लहान मुले असतात, बोगदे कोसळून त्यांचे जीव गेले, हे २०१६ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणले. मोटारींच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. ज्या शहरात झाकँने मासे धुतलेले पाणी निरखले, त्याच शहरात. आता भट्टीत बनवलेले कृत्रिम अभ्रकही रंगांत वापरले जाते. पण दुकानातून आणलेल्या डब्यातले अभ्रक भट्टीतले की कोडरम्याच्या ढिगाऱ्यातले, हे बहुधा त्या डब्यावर लिहिलेले नसते.